लाकडी धनुष्याची पाठ: गोव्याच्या हवेत बॅकिंग कसं निवडायचं आणि कसं चिकटवायचं

धनुष्य ओढलं की त्याची लक्ष्याकडची बाजू ताणली जाते आणि आपल्याकडची बाजू दाबली जाते. ताणल्या जाणाऱ्या बाजूला पाठ म्हणायचं, दाबल्या जाणाऱ्या बाजूला पोट. धनुष्य मोडतं ते बहुतेक वेळा पाठीकडून, आणि बऱ्याचदा काहीही सूचना न देता. पाठीवरचा एखादा तंतू कडेला तुटक निघालेला असतो, तिथे बारीक कुसळ उचललं जातं आणि पुढच्या ओढीला भुजेचे (मुठीपासून टोकापर्यंतच्या वाकणाऱ्या भागाचे) दोन तुकडे होतात. हे होऊ नये म्हणून पाठीवर कापड, कातडं, बांबू असा दुसऱ्या पदार्थाचा थर चिकटवतात. त्यालाच बॅकिंग म्हणतात.

या विषयावर वाचायला मिळतं ते बहुतेक कोरड्या, थंड देशांतल्या कारागिरांनी लिहिलेलं. तिकडे हरणाच्या कंडरा (स्नायू हाडाला जोडणारे चिवट दोर), सरस (जनावरांच्या कातड्या-हाडांपासून केलेला गोंद), सहा-सहा महिने वाळवलेली पाठ यांचं मोठं कौतुक असतं आणि त्यांच्या हवेत ते योग्यच आहे. आपल्याकडे जून ते सप्टेंबरमध्ये सुमारे ३००० मिमी पाऊस पडतो, भिंतींना ओल येते, कपाटातल्या चपलांवर बुरशी चढते. त्यामुळे गोव्यात धनुष्य करणाऱ्याने विचाराचा क्रम बदलावा असं माझं ठाम मत आहे. आधी लाकडातला ओलावा, मग गोंद आणि शेवटी बॅकिंग. बॅकिंग कितीही चांगलं असलं तरी त्याखालचा गोंद आषाढात मऊ पडणार असेल, तर त्याचा काही उपयोग नाही.

आधी फळी वाचा

वाईट लाकूड बॅकिंगने चांगलं होत नाही. नवीन माणसाला हे सगळ्यात आधी सांगावं लागतं, कारण 'वरून कातडं लावू, चालेल' म्हणून गाठींनी भरलेली फळी घेण्याचा मोह होतोच.

लाकूड सॉ मिलमधून किंवा ओळखीच्या मेस्ताकडून, म्हणजे सुताराकडून, घ्या. रानातलं किंवा परसातलंही झाड परवानगीशिवाय तोडू नका. गोव्यात त्यासाठी १९८४ चा वृक्ष संरक्षण कायदा आहे आणि तो खासगी जमिनीलाही लागू होतो. सह्याद्रीतली धामण मिळाली तर उत्तमच. तिचं लाकूड चिवट आणि लवचीक असतं, आणि संस्कृतात तिला धनुर्वृक्ष म्हटलेलं आहे. पण ती मिलमध्ये सहजी मिळत नाही. तंतूंच्या रेषा सरळ असलेली सागाची फळी मिळते. तिच्यावर हलक्या ओढीचं (म्हणजे ओढायला कमी जोर लागणारं), लांब आणि रुंद धनुष्य शिकायला करता येतं, मात्र पाठीला संरक्षण हवंच.

फळीच्या रुंद बाजूवर आणि कडेवर अशा दोन्हीकडे रेषा बघायच्या. डोळ्यांना दिसणाऱ्या रेषा नेहमी खरं सांगत नाहीत. त्यासाठी साधी युक्ती आहे. फळी घासून गुळगुळीत करा आणि तिच्यावर फाउंटन पेनच्या शाईचा एक थेंब टाका. शाई आडवी पसरण्यापेक्षा तंतूंच्या दिशेने लांब धावते. तिच्या टोकाला पेन्सिलीने खूण करा, असे पाच-सहा थेंब भुजेच्या लांबीवर टाका, म्हणजे तंतू फळीच्या कडेशी किती तिरपे जातात ते स्पष्ट दिसेल.

तिरकसपणाचा हिशोब लक्षात ठेवण्यासारखा आहे. २० सेंमी लांबीत रेषा १ सेंमी सरकत असेल तर वाकण्यातली ताकद साधारण ७ टक्के घटते. १० सेंमीत १ सेंमी सरकत असेल तर सुमारे १९ टक्के. ५ सेंमीत १ सेंमी असेल तर जवळजवळ निम्मी ताकद गेली म्हणून समजा. पहिल्या प्रकारच्या फळीवर रेशमी किंवा लिननचं कापड पुरतं. दुसऱ्या प्रकारच्या फळीला कातडं लावून हलकं धनुष्य होऊ शकेल, पण मी नवशिक्याला तो सल्ला देणार नाही. तिसऱ्या प्रकारच्या फळीचं स्टूल करावं.

ओलावा: तराजू आणि बल्बची पेटी

लाकूड हवेशी ओलाव्याची देवाणघेवाण करत राहतं. हवेतली आर्द्रता ६५ टक्के असेल तर लाकूड साधारण १२ टक्क्यांवर स्थिरावतं, ८५ टक्के असेल तर १८ टक्क्यांच्या आसपास. धनुष्याला ८ ते १० टक्के हवेत. ओलं लाकूड दाबाला लवकर हार खातं. धनुष्य ओढून सोडलं की पूर्ण सरळ होत नाही, दोरीच्या बाजूला बाक धरून बसतं आणि ओढ हळूहळू कमी होत जाते.

म्हणजे आपल्याकडे नुसत्या हवेवर वाळवून भागत नाही, डिसेंबरातसुद्धा नाही. प्लायवूडची किंवा जाड पुठ्ठ्याची लांब पेटी करा, आत खालच्या बाजूला ६० वॉटचा जुना फिलामेंटचा बल्ब लावा (एलईडी चालत नाही, तो पुरेसा तापत नाही), वर-खाली हवेसाठी दोन-दोन भोकं ठेवा आणि आत स्वस्तातला तापमान-आर्द्रता मीटर टांगा. तापमान ३५ ते ३८ अंश पुरे. बल्बला लाकूड आणि पुठ्ठा दोन्ही लांब असू देत, आणि घरात कुणी नसताना पेटी चालू ठेवू नका.

फळी ढोबळ आकारात कापून झाली की पेटीत ठेवायची आणि रोज एकाच वेळी स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर वजन करून भिंतीवर लिहायचं. वजन सात-आठ दिवस हललं नाही की लाकूड तयार. ताजं, कच्चं लाकूड मात्र थेट पेटीत घालू नका, ते तडकतं. ते आधी सावलीत, टोकांना जुना रंग किंवा मेण फासून काही महिने राहू द्यावं.

बांबू किंवा दुसरं लाकूड पाठीला लावणार असाल तर तेही त्याच पेटीत, त्याच दिवसांत वाळवा. दोन तुकडे वेगवेगळ्या ओलाव्याचे असतील तर चिकटवल्यानंतर एक आक्रसतो, दुसरा नाही, आणि सांध्यावर कायमचा ताण राहतो.

गोंद

सरस हा कातड्याच्या आणि कंडरेच्या बॅकिंगचा जुना आणि खरोखर उत्तम गोंद आहे. रात्रभर पाण्यात भिजवून, पाण्याच्या भांड्यात भांडं ठेवून ६० अंशांच्या आसपास गरम करतात. उकळला की त्याची पकड कमी होते. पण तो पाण्यात विरघळणारा आहे आणि दमट हवेत ओलावा ओढून घेतो. गोव्यात बारा महिने वापरायच्या धनुष्यासाठी मी तो सुचवणार नाही.

कापडाला आणि कातड्याला पाण्यात टिकणारा पांढरा सुतारी गोंद घ्या. फेविकॉल मरीन कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतं. साधं फेविकॉल नको. बांबूच्या पट्टीला दोन नळ्यांचा इपॉक्सी, म्हणजे अरल्डाइट, आणि तोही सावकाश सुकणारा. पाच मिनिटांत घट्ट होणारा इपॉक्सी दीड मीटरच्या सांध्याला कामाचा नाही. अर्ध्या सांध्याला लावून होईपर्यंत पहिला अर्धा वाळू लागतो आणि पकडही कमी असते. पांढऱ्या गोंदाचा आणखी एक दोष असा की सतत ताणाखाली तो कणाकणाने सरकतो. बांबू लावताना उलटा बाक (दोरी नसताना टोकं लक्ष्याकडे वळलेली) दिला असेल तर तो महिन्यांच्या काळात त्यातून निसटत जातो. इपॉक्सी असा सरकत नाही. मात्र त्याला उष्णता सोसत नाही, म्हणून एप्रिल-मेच्या उन्हात बंद गाडीत धनुष्य ठेवू नये.

सागाचं लाकूड तेलकट असतं. गोंद लावायच्या आधी पाठ पॉलिश पेपरने ताजी घासून, थिनरमध्ये भिजवलेल्या फडक्याने पुसायची आणि अर्ध्या तासात गोंद लावायचा. उशीर केला तर आतलं तेल पुन्हा वर येतं.

कापड: पहिल्या धनुष्यासाठी

कापडाने धनुष्याची ओढ वाढत नाही. त्याचं काम कुसळ उचलू न देणं एवढंच आहे आणि पहिल्या धनुष्याला तेवढं पुरतं.

लिनन सगळ्यात चांगलं, कारण जवसाचा धागा फारच कमी ताणला जातो आणि म्हणून तो लाकडाबरोबर थोडा तरी भार उचलतो. रेशीम जास्त ताणलं जातं, भार कमी घेतं, पण पातळ, चिवट आणि गोंद पिणारं असल्याने नवशिक्याच्या हाताला सोपं. काथ्या आपल्याकडे भरपूर मिळतो म्हणून त्याचे धागे पाठीला लावावेत का, असं बरेच जण विचारतात. लावू नका. नारळाचा काथ्या खूप ताणला जातो, लाकूड मोडण्याच्या बेतात आलं तरी तो अजून सैलच असतो.

आईची किंवा आजीची जुनी रेशमी साडी सगळ्यांच्याच घरी असते, पण ती खरोखर रेशमी आहे का ते बघा. पदराच्या आतला एक धागा काढून जाळा. रेशीम जळताना केस जळल्याचा वास येतो आणि राख बोटात चुरगळते. पॉलिस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो. पॉलिस्टरमध्ये गोंद मुरत नाही. जरीचा भाग वगळा. कापड साबणाने धुऊन खळ काढून टाका, इस्त्री करा, आणि ताण्याच्या दिशेने, म्हणजे साडीच्या लांबीच्या दिशेने, धनुष्याच्या रुंदीपेक्षा दोन सेंमी जास्त रुंद पट्टी कापा.

धनुष्य आधी इतकं तासलेलं हवं की जमिनीवर टेकवून दाबल्यावर दोन्ही भुजा सारख्या वाकतात. दोरी अजून चढवलेली नसावी. पाठीच्या कडा कानशीने गोल करा. टोकदार कडेवरच कुसळ सुटतं आणि कापडही तिथेच फाटतं. ही गोलाई घाईत करू नका. बोट एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवल्यावर कुठेही धार लागता कामा नये.

आता पाठीवर गोंदाचा पातळ थर ब्रशने लावा. पट्टी मुठीपाशी टेकवून तिथून दोन्ही टोकांकडे अंगठ्याने दाबत न्या. खाली हवा राहिली तर फोड दिसतो, तो कडेकडे ढकला. वरून आणखी एक हात गोंदाचा द्या, इतका की कापड पारदर्शक दिसू लागेल. पांढरट कोरडे ठिपके दिसतील तिथे गोंद मुरलेला नाही. कडेला लोंबणारं कापड तसंच राहू द्या, ओलं असताना कापलं तर धागे ओढले जातात. गोंदाच्या डब्यावर २४ तास लिहिलेले असतात. आपल्या हवेत पंख्याखाली दोन दिवस, पावसाळ्यात तीन दिवस धरा. मग तोच प्रकार पुन्हा करून दुसरा थर द्या. वाळल्यावर कडा धारदार ब्लेडने कापून कानशीने, पाठीकडून पोटाच्या दिशेने, खाली ओढत साफ करा. उलट दिशेने कानस मारली तर कापड उचकटतं.

कातडं: घुमटाचं चामडं

कातडं म्हणजे इथे न कमावलेलं, कच्चं वाळवलेलं चामडं. पर्सचं किंवा चपलेचं कमावलेलं चामडं ताणलं जातं, ते चालत नाही.

गोव्यात हे शोधायला लांब जावं लागत नाही. घुमट या मातीच्या चर्मवाद्याला पूर्वी घोरपडीचं कातडं मढवत. घोरपड १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहे, म्हणून आता बकऱ्याचं कातडं लावतात. २०१९ मध्ये घुमटाला राज्याचं वारसा वाद्य म्हणून मान्यता मिळाली. जो कारागीर घुमट किंवा ढोल मढवतो त्याच्याकडे धनुष्याला हवं तसंच पातळ कच्चं बकऱ्याचं कातडं असतं. चवथीच्या आधी तो कामात बुडालेला असतो, तेव्हा दिवाळी झाल्यावर जा, निवांत निवडायला मिळेल.

कातडं एक मिलिमीटरपेक्षा पातळ असावं. उजेडासमोर धरून बघा. जनावराच्या पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंचा भाग एकसारखा दिसतो, पोटाकडचा ढिला आणि कमी-जास्त जाड. कण्याच्या बाजूने दोन लांब पट्ट्या काढा, प्रत्येक भुजेला एक. एका कातड्यात पूर्ण धनुष्याची लांबी बसत नाही आणि तशी गरजही नाही. जोड मुठीवर येऊ द्या, कारण मूठ वाकत नाही. तिथे पाच सेंमी एकावर एक चढवा.

पट्ट्या गार पाण्यात भिजवा. तासा-दोन तासांत त्या ओल्या फडक्यासारख्या मऊ होतात. गरम पाणी अजिबात नको, त्यात कातडं आक्रसतं आणि कायमचं खराब होतं. मऊ झाल्यावर दोन्ही बाजू सुरीच्या बोथट धारेने खरवडून चरबी काढा. मांसाकडची बाजू लाकडाला येईल अशी ठेवा. पाणी पिळून, फडक्यात दाबून काढा. कातडं दमट हवं, निथळणारं नको. लाकडाला आणि कातड्याला, दोन्हींना गोंद लावा, पट्टी ठेवा, लांबीच्या दिशेने हलकेच ताणा आणि कडा पोटाच्या बाजूला थोड्या वळवा.

यानंतर वरून सुती बँडेजची पट्टी घट्ट गुंडाळायची. इथे सायकलची ट्यूब वापरू नका. कातड्यातलं पाणी बाहेर जायला वाट हवी आणि रबर ती बंद करतं, मग दोन दिवसांनी आतून वास येऊ लागतो. बँडेज एका दिवसाने काढा, नाहीतर ते गोंदात चिकटून बसतं. मग धनुष्य सावलीत, पंख्याखाली ठेवा. ओल्या कातड्यातलं पाणी लाकडातही गेलेलं असतं, त्यामुळे तराजू पुन्हा हाताशी घ्या. वजन स्थिर होईपर्यंत दोरी चढवायची नाही. आठवडा लागतो, कधी दोन.

वाळलेलं कातडं ड्रमसारखं टणक वाजतं. बोटाच्या नखाने टोकापासून टोकापर्यंत टकटक करत जा. कुठे पोकळ आवाज आला तर तिथे बारीक सुईने भोक पाडून पातळ गोंद आत सोडा आणि दाबून ठेवा. कातड्याला झुरळं, कसर आणि बुरशी तिन्ही लागतात, म्हणून वॉर्निशचा थर लगेच द्यायचा, महिनाभर उघडं ठेवायचं नाही.

बांबू: ज्याने धनुष्याची ओढ खरोखर बदलते

आता सगळ्यात समाधानाच्या कामाकडे येतो. बांबू ताण सोसायला विलक्षण चांगला. त्याचे ताकदीचे तंतू सालीजवळ दाट असतात आणि आत येताना विरळ होतात. म्हणजे बाहेरची साल पाठीवर ठेवली की सगळ्यात मजबूत भाग सगळ्यात जास्त ताणाच्या जागी येतो. बांबूवर तुमचं धनुष्य जास्त ताण घेऊ शकतं, उलटा बाक टिकतो आणि बाण वेगाने सुटतो.

पण याच ताकदीमुळे नवशिक्याचं नुकसान होतं. पाठ जितकी ताठ तितका पोटावर दाब. पोटाचं लाकूड मऊ असेल तर पोटावर आडव्या, केसासारख्या बारीक सुरकुत्या दिसू लागतात. त्या म्हणजे दाबाने मोडलेले तंतू, आणि एकदा पडल्या की भरत नाहीत. तेव्हा बांबूची पट्टी पातळ ठेवायची आणि पोटाला दाट, जड लाकूड घ्यायचं. आंबा, फणस यांसारखं हलकं लाकूड बांबूखाली घालू नका.

बांबू कुठला? माणगा आपल्याकडे सगळीकडे आहे, भरीव आहे, काठीला उत्तम. पाठीच्या पट्टीसाठी मात्र तो बारीक पडतो. बारीक काठीतून चार सेंमी रुंद कामटी काढली तर ती कमानीसारखी गोल येते. आतून सपाट करायला गेलं की कडांना जाडीच उरत नाही. त्यासाठी मोठ्या घेराचा, जाड भिंतीचा काटेरी कळक घ्या. १० सेंमीहून जास्त घेराचा नव्हे, १० सेंमीहून जास्त व्यासाचा. खालच्या तिसऱ्या भागातला तुकडा, कारण तिथे भिंत जाड असते. तीन वर्षांहून जुना, पावसाळ्यानंतर, थंडीत तोडलेला. कोवळ्या आणि पावसात तोडलेल्या बांबूत पिष्ट जास्त असतं, त्याला भुंगेरा लागून पीठ पडतं. आपल्या भागात बांबू वाहत्या पाण्यात काही आठवडे बुडवून ठेवायची रीत आहे, ती त्यासाठीच आणि ती पाळण्यासारखी आहे. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात बांबूच्या टोपल्या, सुपं विकणाऱ्यांना विचारा. चांगला बांबू कुणाच्या भाटात (बागायतीत) आहे ते त्यांना पक्कं ठाऊक असतं.

कोयत्याने चीर काढा, करवतीने नाही, म्हणजे कामटी तंतूंच्या बाजूने फुटते. पाच सेंमी रुंद काढा. आतल्या गाठींचे पडदे आधी छिन्नीने उडवा, मग आतली बाजू रंध्याने सपाट करायला घ्या. हे काम सावकाश चालतं आणि त्यातच धनुष्याचं नशीब ठरतं. कामटी फळीवर दोन्ही टोकांना पकडून रंधा लांबीने चालवा. पाच मिमीपर्यंत आलात की दर काही हातांनी ती खिडकीच्या काचेवर आतली बाजू खाली करून ठेवा आणि कडेला डोळा लावून बघा. काच आणि बांबूमधून उजेडाची फट दिसली तर तिथे अजून खोलगट आहे. शेवटी मुठीच्या आसपास मध्यभागी तीन मिमी, कडेला दीड मिमी, आणि टोकांकडे मध्यभागी दोन मिमी अशी जाडी उरायला हवी. चिकटवायच्या बाजूवर हॅक्सॉचं पातं लांबीने ओढून बारीक ओरखडे काढा.

सालीकडची बाजू जपा. वरचा मेणचट हिरवा-पिवळा पापुद्रा काचेच्या तुकड्याने खरवडा, त्याखालच्या तंतूंना हात लावू नका. गाठींवर तर विशेष जपून. गाठीचा उंचवटा घासून सपाट केला की तिथले वळलेले तंतू कापले जातात आणि पाठ नेमकी तिथे मोडते. फक्त बोटाला टोचणारी कड मोडा.

धनुष्य किती लांब? दोरी ७० सेंमीच्या आसपास मागे ओढणार असाल तर टोकांना दोरी अडकवायच्या एका खाचेपासून दुसऱ्या खाचेपर्यंत १७० सेंमी धरा. ओढायचा जोर पहिल्या वेळी ३० ते ३५ पौंडांवर थांबवा. पोटाची पट्टी मुठीबाहेर पडताना १२-१३ मिमी, टोकाला आठ मिमी. मूठ मधोमध वेगळा ठोकळा चिकटवून जाड करता येते.

दोन्ही तुकडे पेटीतून काढले की त्याच दिवशी चिकटवा. एका सरळ, जाड फळीवर टोकांखाली चार-पाच सेंमीचे ठोकळे ठेवून उलटा बाक द्यायचा: बांबूची साल वर, पोट खाली, मधला भाग फळीला दाबलेला. आधी एकदा गोंदाशिवाय सगळं बांधून बघा, क्लॅम्प कुठे येणार ते पेन्सिलीने लिहा. इपॉक्सी कालवल्यावर शोधाशोध करायला वेळ नसतो. हातमोजे घाला. दोन्ही बाजूंना इपॉक्सी ओरखड्यांत घासून लावा, तुकडे जुळवा, मध्यभागापासून टोकांकडे दर पाच-सहा सेंमीला शिकंजा लावा. इतके शिकंजे नसतील तर सायकलच्या जुन्या ट्यूबच्या लांब पट्ट्या ताणून गुंडाळा. बांबूच्या गोल पाठीवर त्यांचा दाब खरं तर जास्त सारखा बसतो. इथे ट्यूब चालते, कारण इपॉक्सीला पाणी बाहेर टाकायचं नसतं. मात्र दाब बेताचा ठेवा. इपॉक्सीला अती दाबलं की तो सगळा कडेने बाहेर येतो आणि सांधा उपाशी राहतो. कडेला सगळीकडे बारीक मण्यांची रांग दिसली की बरोबर.

पूर्ण एक दिवस हात लावू नका, मग बल्बच्या पेटीत कोमट ठेवून आणखी दोन दिवस. दमट हवेत इपॉक्सीवर कधी कधी तेलकट पांढरट थर येतो. तो कोमट पाण्याच्या फडक्याने पुसून मगच पुढचं काम.

यानंतर भुजा वाकवत-तासत जुळवायच्या, म्हणजे टिलरिंग. ते नेहमीच्या रीतीने, पण एक नियम कडक: लाकूड फक्त पोटाकडून आणि कडांकडून काढायचं. पाठीला रंधा, कानस काहीही लावायचं नाही. पोटावर फारच दाब येतोय असं वाटलं तर बांबूच्या कडा दोन्ही बाजूंनी तिरप्या तासून पाठ पोटापेक्षा अरुंद करता येते. प्रत्येक वेळी तासल्यावर धनुष्य अर्ध्या ओढीपर्यंत तीस-चाळीसदा हळू ओढा, मग बघा. लाकूड नव्या आकाराला सरावायला तेवढं लागतंच. बांबूची धूळ बारीक असते, तेव्हा मास्क लावा.

कंडरा आणि काचेचं कापड

कंडरेची पाठ ही मोठी विद्या आहे. जनावराच्या पायातली कंडरा वाळवून, ठेचून, तिचे धागे सरसात भिजवून थर देतात. वाळताना ती आक्रसते आणि धनुष्याला आपोआप उलटा बाक देते. पण दमट हवेत कंडरा आणि सरस दोन्ही ओलावा ओढतात, पाठ जड आणि सुस्त होते. शिंग, लाकूड आणि कंडरेची संयुक्त धनुष्यं भारतात शतकानुशतकं वापरात होती आणि त्यांच्याच बरोबरीने पोलादाची धनुष्यंही होती, ज्यांना दमटपणाने सांधा सुटण्याची भीती नव्हती. नवशिक्याने गोव्यात कंडरेपासून दूर राहावं. हरणाची कंडरा तर बेकायदा आहे.

बोटींच्या कामाला लागणारं फायबर ग्लास जेटीजवळ सहज मिळतं. तुकड्यांची मॅट पाठीला निरुपयोगी, कारण तिच्यातले धागे सगळ्या दिशांना असतात. एका दिशेच्या धाग्यांचं ग्लास चालतं, पण ते बांबूहूनही ताठ आहे आणि साध्या लाकडाचं पोट त्यापुढे टिकत नाही.

वॉर्निश, दोरी आणि पावसाळा

वॉर्निश मार्च-एप्रिलमध्ये, धनुष्य पेटीतून ताजं काढल्यावर लावा. मालिम किंवा कुटबण जेटीच्या बाजूला बोटींसाठी जे मरीन वॉर्निश विकतात ते घ्या. लवचीक असतं, तडकत नाही. पातळ चार हात, प्रत्येक हातामध्ये एक दिवस आणि बारीक पॉलिश पेपर. टोकांच्या खाचा, मुठीच्या खालचं लाकूड आणि बॅकिंगची कड या तीन जागांतून ओल शिरते, तिथे ब्रश दोनदा फिरवा.

वॉर्निश ओलाव्याचा वेग कमी करतं, थांबवत नाही. जूननंतर धनुष्य भिंतीला टेकवून कोपऱ्यात उभं करू नका. दोरी उतरवून, दोन खुंट्यांवर आडवं, स्वयंपाकघराच्या बाजूच्या कोरड्या भिंतीवर ठेवा आणि पंधरा दिवसांनी एकदा वजन करा. वजन वाढलेलं असेल तर पेटीत दोन दिवस ठेवल्याशिवाय ओढायचं नाही. बाणाशिवाय दोरी कधीच सोडू नका, बॅकिंग सुटण्याचं तेही एक कारण आहे. आणि नेम गवताच्या किंवा जुन्या पोत्यांच्या लक्ष्यावरच धरा, मागे भिंत किंवा मातीचा बांध बघून. वन्य प्राण्यांची शिकार गुन्हा आहे.

दर वेळी दोरी चढवण्याआधी पाठीवरून बोट फिरवा आणि कडेचा सांधा उजेडात बघा. कापडाखाली फुगवटा, कातड्याची उचललेली कड किंवा बांबूच्या सांध्यात केसाएवढी रेष दिसली, तर त्या दिवशी धनुष्य ओढू नका. कड थोडीशीच उचलली असेल तर पातळ इपॉक्सी सुईने आत सोडून, ट्यूब गुंडाळून, दोन दिवस पेटीत ठेवा. रेष पाच सेंमीहून लांब असेल तर बॅकिंग पूर्ण काढून, पाठ पुन्हा घासून, नव्याने लावावं लागेल.